खोक्याचं लाकूड

फेब्रुवारीत माझी भिशी लागली. वीस हजार रुपये. घरात फ्रिजचा विषय आधीपासून चालू होता, कारण आमच्या फ्रिजचं दार वर्षभर नाडीनं बांधून ठेवलंय. तरी धीर करून बायकोला सांगितलं, "गिटार घ्यायची म्हणतोय." ती भाकरी थापत होती. थापणं काही थांबलं नाही. "माळ्यावर एक हाय की," एवढंच म्हणाली.

होती. त्या माळ्यावरच्या गिटारीबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर नवीचं कौतुक कशाला ते कळणार नाही.

१९९८ साली मी बेळगावात बी.कॉम.ला होतो, खानापुराकडून रोज येऊन-जाऊन. वर्गात मडगावचा एक पोरगा होता. शेवटचा पेपर झाला आणि तो सामान आवरताना गिटार विकायला निघाला. पाचशे म्हणाला, साडेचारशेला दिली, वर तारा छेडायची एक पिक फुकट. कलकत्त्याकडची बनावट, लालभडक पॉलिश, कडेला काळी झालर. तिच्या तारा मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून इतक्या उंच की बाराव्या पट्टीवर काडेपेटीच्या दोन काड्या एकावर एक ठेवून सरकवता यायच्या. तिच्यावर मी जी, सी, डी, ई मायनर या कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे सुरांचे जुडगे, शिकलो आणि एफपाशी अडकलो. एफ म्हणजे पहिलं बोट आडवं टाकून सहाच्या सहा तारा दाबायच्या. माझ्या बोटाखाली दोन वाजायच्या, दोन कण्हायच्या, दोन मेलेल्या असायच्या. जो भेटेल तो म्हणायचा, सराव कर. सराव केला. बोटाला चर पडला, एफ पडला नाही. शेवटी माझं पहिलं बोटच आखूड आहे असा निष्कर्ष काढून मी पतसंस्थेत नोकरीला लागलो.

त्या गिटारीला एकच चाहता होता, आमच्या भजनी मंडळाचे पेटीवाले काका. तिसऱ्या-चौथ्या पट्टीवर तार खालच्या पट्टीला घासून झर्रकन आवाज यायचा. गिटारवाल्याच्या लेखी तो दोष. काका मात्र मान डोलवत म्हणायचे, "जवारी चांगली लागलीय रे!" तंबोऱ्याच्या घोडीवर मिरजेचे कारागीर घासून-घासून जी झणझण आणतात, ती माझ्या गिटारीत फुकटात आली होती. काकांना कोण सांगणार.

मग लग्न, पोरगी, घराचं कौल बदलणं. गिटार माळ्यावर गेली. गेल्या दिवाळीत साफसफाई करताना आठवीतल्या लेकीनं खाली काढली, मोबाइलवर बघून जी वाजवला आणि मला विचारलं, "बाबा, एफ कसा धरायचा?" मी म्हणालो, तो अवघड असतो. ती म्हणाली, "म्हणजे तुम्हाला येत न्हाई." तेव्हापासून डोक्यात होतं.

मार्चमधल्या एका शनिवारी, पाडव्याच्या आधी, पतसंस्थेतून अर्धी रजा टाकून दुकानात गेलो. बेळगावातल्या अशा दुकानात एक गंमत असते. पाटी कन्नडमध्ये, बिल इंग्रजीत, घासाघीस मराठीत आणि कोपऱ्यात कुणीतरी कोकणी गाणं वाजवत बसलेलं. इथं ते कुणीतरी म्हणजे कॅम्पातले एक सत्तरीचे गृहस्थ होते, चर्चच्या गायनाला गिटार वाजवणारे. तारा घ्यायला आले होते, पण त्यांना काही घाई दिसली नाही. मी भिंतीवरची मोठी गिटार मांडीवर घेतली तसे म्हणाले, "ते जहाज हाय. खाली ठेव, तुझा खांदा दुखेल."

जहाज म्हणण्यात अर्थ होता. दुकानात दिसणाऱ्या निम्म्याअधिक गिटारी ज्या आकाराच्या, रुंद खांद्यांच्या आणि जेमतेम कंबरेच्या, त्याला ड्रेडनॉट म्हणतात. हा आकार अमेरिकेत मार्टिन कंपनीनं १९१६ साली काढला आणि नाव दिलं १९०६ सालच्या इंग्रजांच्या लढाऊ जहाजाचं. आवाज भारदस्त, पण माझ्यासारख्या पाच फूट चार इंची माणसाचा उजवा हात तिच्यावरून खाली पोचेपर्यंत मुंग्या येतात. मी त्याहून लहान, कंबर असलेला आकार मागितला.

मग त्या गृहस्थांनी मला जे करायला लावलं ते गिटार घेणाऱ्या प्रत्येकानं करावं असं माझं मत आहे. "पाठ कर नि बस," म्हणाले. मी रॅककडं पाठ करून स्टुलावर बसलो. त्यांनी तीन गिटारींवर एकच जी कॉर्ड, एकाच जोरानं, आलटून पालटून वाजवली. साडेनऊ हजारांची, साडेअठरा हजारांची आणि बत्तीस हजारांची. कुठली कुठली ते मला ठाऊक नाही. तीन फेऱ्या झाल्या. मी दोनदा साडेअठरावाली निवडली आणि एकदा बत्तीसवाली. साडेनऊवाली एकदाही नाही. समोर तोंड असतं तर चकाकी बघून मी तिलाच भुललो असतो, कारण तिचं पॉलिश आरशासारखं होतं. फरक कसला होता सांगू? स्वस्तातली वाजून गप्प बसत होती. दुसरी वाजल्यावर खोलीत थोडा वेळ उरत होती.

त्यानंतर मान डोळ्यासमोर धरून, बंदूक रोखतात तशी, सरळ आहे का ते बघितलं. पट्ट्यांच्या कडा बोटाला टोचतात का ते बघितलं. प्रत्येक तार प्रत्येक पट्टीवर दाबून वाजवली, याला वीस मिनिटं गेली आणि दुकानदाराचा चेहरा उतरत गेला. बाराव्या पट्टीवर तार नुसती स्पर्शून जो सूर निघतो आणि दाबून जो निघतो, ते दोन्ही जुळतात का ते सूर मोजणाऱ्या ट्यूनरवर पडताळलं. जुळले. कंपनीचं नाव मी सांगत नाही, जाहिरातीचे पैसे मला कुणी दिलेले नाहीत. पिशवी, कॅपो (मानेला लावायचा चिमटा, तारा दाबून सूर चढवणारा) आणि एक जादा तारांचा संच धरून १८,५०० ला सौदा पटला. दुकानदार म्हणाला, वरची पाटी अख्ख्या स्प्रूसची आणि बाकी सगळं अस्सल रोझवूड, म्हणजे शिसम. या दुसऱ्या वाक्याचा पुढं घरी पंचनामा झाला.

खानापूरची बस म्हणजे शनिवारची बस. गिटार उभी धरून दाराशी राहिलो. कंडक्टरनं पिशवीकडं बघून विचारलं, "इदेन्री?" गिटार म्हटल्यावर त्यानं लगेज फाडायचं की नाही याचा क्षणभर विचार केला, मग स्वतःच पुढच्या सीटवरच्या पोराला उठवून म्हणाला, मांडीवर घ्या, नाहीतर मोडंल. सव्वीस किलोमीटर मी तिला तान्ह्या पोरासारखी धरून बसलो होतो. प्रत्येक स्पीड ब्रेकरला आतून सहा तारा बारीक हुंकारायच्या. तो आवाज फक्त मलाच ऐकू येत होता आणि मला उगाच हसू येत होतं.

घरात आईनं आधी दारात थांबवलं. पाडवा चार दिवसांवर होता, मुहूर्तावर आणायची सोडून आधीच आणलीस म्हणून बोलणी खाल्ली. मग हळदी-कुंकू आलं. मी म्हणालो, पिशवीला लाव. तिनं पिशवीला लावलं आणि माझी पाठ वळताच वाद्याला लावल्याशिवाय पूजा होते काय म्हणून एक हळदीचं बोट थेट वरच्या पांढुरक्या पाटीवर टेकवलं. पॉलिश मॅट होतं. ते बोट अजून तिथं आहे, भोकाच्या खाली, डाव्या अंगाला.

आता आप्पा. आमचे आप्पा जन्मभर सुतारकाम केलेले. खानापूर तालुक्यातली किती घरांची छप्परं, दारं, देव्हारे त्यांच्या हातचे आहेत याचा हिशेब नाही. आता चौऱ्याहत्तर वय, गुडघे गेले, मोतीबिंदू काढून झाला. जुन्या गिटारीला त्यांनी सत्तावीस वर्षांत हात लावला नव्हता. ते त्यांच्या लेखी कॉलेजातलं खूळ होतं. नवी त्यांनी उचलली ती फक्त किंमत ऐकून.

आधी वजन तोललं. मग वरच्या पाटीवर नखानं टकटक केलं. मग चष्मा कपाळावर सारून भोकाच्या कडेला डोळा लावला.

"हे पाइन हाय," म्हणाले. "साडेअठरा हजार देऊन खोक्याचं लाकूड आणलंस?"

परदेशातून यंत्रं यायची त्या खोक्यांच्या फळ्या आप्पांनी आयुष्यभर फडताळाच्या पाठीला लावल्या, त्यामुळं असलं पांढरं, हलकं लाकूड दिसलं की त्यांना खोकंच आठवतं. मी सांगितलं, हे स्प्रूस, तिकडच्या थंड मुलखातलं. वजनाच्या मानानं ताकद खूप, म्हणून गिटारीला, व्हायोलिनला हेच लावतात. ते ऐकतच नव्हते. खिडकीशी नेऊन उजेडात धरून रेघा बघत होते. "रेघ न रेघ सरळ हाय," जरा वेळानं म्हणाले. "असलं खोकं मी बघितलं न्हाई."

भोकाच्या कडेला डोळा लावायचं कारणही मग सांगितलं. वरच्या रेघा कडेवरून खाली तशाच उतरल्या असतील तर फळी अख्खी. कडेला थर दिसले तर प्लाय. वरची अख्खी निघाली, दुकानदार तेवढ्यापुरता खरा. मग मोबाइलची टॉर्च आणि माझा दाढीचा आरसा मागवला. आरसा आत घालून पाठीची आतली बाजू बघितली. बाहेरून तपकिरी-जांभळी नक्षी आणि आतून भलत्याच दिशेनं जाणाऱ्या फिक्या रेघा. "पाठ प्लायची. वरनं शिसमाचा पापुद्रा. बाजू पण." दुकानदाराचं अस्सल रोझवूड दोन मिनिटांत निकालात निघालं. वाईट वाटलं का? थोडं. पण या किमतीत अख्ख्या शिसमाची पाठ मिळत नाही आणि आवाजाचं खरं काम वरची पाटी करते, हे मी आधी वाचलेलं होतं. शिवाय आमच्या हवेत प्लाय जास्त टिकते, हे आप्पांनीच नंतर कबूल केलं.

आरसा अजून आतच होता. आप्पा एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "आत कैची हाय की रे."

वरच्या पाटीच्या पोटाला आतून दोन पट्ट्या एकमेकींना छेदून फुलीसारख्या चिकटवलेल्या असतात. ही फुली मार्टिनच्या कारखान्यात १८४० च्या दशकात रुळली. आप्पांना तिच्यात छपराची कैची दिसली. मी सांगितलं, पाटी अडीच-तीन मिलिमीटर जाड आणि सहा तारांचा ताण मिळून सत्तर-पंचाहत्तर किलो. म्हणजे पन्नास किलोच्या तांदळाच्या पोत्यावर आणखी अर्धं पोतं, तेही चोवीस तास. आप्पांनी गिटार मांडीवरून हलकेच गादीवर ठेवली. त्या दिवसापासून तिला ते "वस्तू" म्हणत नाहीत, "काम" म्हणतात. काम चांगलं हाय, काम उन्हात ठेवू नको, असं.

मानेवरच्या काळपट पट्टीवर पॉलिश नसतं. तिथं आप्पांनी बोट जिभेला लावून ओलं केलं आणि चोळलं. आई ओरडली. ओल्या जागी गडद जांभळा रंग वर आला. "हे खरं शिसम," म्हणाले, आणि बोटाचा वास घेत राहिले.

शिसमाचं आप्पांशी जुनं नातं. लोंढा-दांडेलीकडच्या जंगलातलं शिसम त्यांनी तरुणपणी रंधलंय. शिसवी पलंग, शिसवी कपाट, पाट. कन्नडमध्ये त्याला बीटे म्हणतात, आमच्याकडचे जुने सुतार दोन्ही नावं वापरतात. आता ते झाड तोडायचं तर वनखात्याची परवानगी लागते आणि नव्या शिसवी कामाचं नावही कुणी काढत नाही. मी त्यांना सांगितलं की गिटारीत आधी ब्राझीलचं शिसम चालायचं, तिथून ओंडके मिळणं अवघड झालं तसं मार्टिननं १९६९ पासून आपल्या भारतीय शिसमाकडं मोर्चा वळवला, आणि तेव्हापासून जगभरच्या बऱ्याच चांगल्या गिटारींच्या पाठी पश्चिम घाटातल्या लाकडाच्या आहेत. २०१७ साली शिसमाच्या सगळ्या जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापारात निर्बंध आले तेव्हा गिटारवाल्यांची पळापळ झाली. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली.

आप्पांनी आतलं लेबल वाचायला लावलं. इंडोनेशिया. "मग हे आपलं कसं?" गंमत अशी की तीच जात जावा बेटावरही लावलेली आहे, तिथं तिला सोनोकेलिंग म्हणतात. हे सांगितल्यावर आप्पांना मनापासून वाईट वाटलं. नात्यातली पोरगी समजून चौकशी करावी आणि भलत्याच गावची निघावी, तसं. "जात तीच ना? मग झालं," स्वतःशीच म्हणाले.

सूर लावायचा प्रसंगही असाच. नव्या तारा आठवडाभर उतरत राहतात, दर दहा मिनिटांनी खुंट्या पिळाव्या लागतात. ट्यूनर मोबाइलवर असतो, पण त्या संध्याकाळी पेटीवाले काका आले आणि म्हणाले, मोबाइल कशाला, पेटी हाय की. जाड तारेपासून ई, ए, डी, जी, बी, ई. पेटीच्या भाषेत पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि परत पांढरी तीन. काका एकेक पट्टी दाबून धरायचे, मी खुंटी पिळायचो. दोन सूर जवळ आले की मधे एक लाट उठते, वंव-वंव-वंव, मग ती सावकाश होत होत विरते. सहाव्या तारेला ती लाट विरली तेव्हा स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली. काही बोलली नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. फ्रिजचा विषय त्या रात्री निघाला नाही.

आता मुख्य गोष्ट. एफ.

नवी गिटार, तरी एफ पुरता लागेना. पाच तारा वाजायच्या, एक कण्हायची. जुन्याहून कितीतरी बरं, पण माझा धीर सुटला. बोटाचाच दोष, दुसरं काय. आप्पा बाजूला बसून बघत होते. म्हणाले, "पट्टी आण." त्यांची सहा इंची स्टीलची पट्टी आणली. बाराव्या पट्टीवर जाड तारेची उंची मोजली. सव्वातीन मिलिमीटरला थोडी कमी. किती असावी विचारलं. मी म्हणालो, दोन-सव्वादोन, फार तर अडीच. कारखान्यातून गिटार मुद्दाम थोडी उंच पाठवतात. कमी करता येते, वाढवायला अवघड.

"बोट कशाला बदनाम करतोस मग," म्हणाले.

त्यांनी वरच्या टोकापासून बाराव्या पट्टीपर्यंत अंतर मोजलं. साडेबत्तीस सेंटिमीटर. तिथून घोडीपर्यंत जवळजवळ तेवढंच. "म्हणजे मधोमध. इथं पाऊण मिलिमीटर उतरवायचं तर घोडीला दुप्पट, दीड." कागद नाही, पेन्सिल नाही. कैचीचा उतार काढणाऱ्या माणसाला त्रिकोण शिकवायला लागत नाही. मग घोडीकडं नीट बघितलं आणि भडकले. घोडी तिरकी होती. "हे कुणी बसवलं? गुण्या न्हाई काय त्यांच्याकडं?" तिरकी मुद्दाम असते हे समजवायला मला अर्धा तास लागला. तार दाबली की ती थोडी ताणली जाते, सूर चढतो. जाड तारेचा जास्त चढतो, म्हणून तिला लांबी थोडी जास्त द्यायची. आप्पांनी स्वतः मोजून खात्री केली. जाड तारेच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटर जास्त भरले. तेव्हा कुठं कारखान्याचा मिस्त्री निर्दोष सुटला.

दुसऱ्या दिवशी तारा सैल केल्या. घोडीतली पांढरी पट्टी पकडीनं वर ओढून काढली. आप्पांनी काच घेतली, तिच्यावर पॉलिश पेपर पालथ्या बाजूनं चिकटवला, पट्टीच्या तळाला पेन्सिलनं दीड मिलिमीटरवर रेघ मारली आणि तळ घासायला लागले. वरून घासायचं नाही, वरचा गोलवा बिघडतो. दहा वेळा घासायचं, बघायचं, पट्टी उलटी धरायची, परत दहा वेळा, म्हणजे एका बाजूला जोर जात नाही. त्यांचा उजवा हात हल्ली थरथरतो. चहाचा कप सांडतो. ती सात सेंटिमीटर लांब पट्टी चिमटीत धरल्यावर थरथरला नाही. मी बघत होतो. रेघेच्या अलीकडं केसभर थांबले. "उरलेलं वाजवून बघून घासू," म्हणाले. घासावं लागलं नाही.

तारा परत चढवल्या. मोजलं, अडीचला किंचित कमी. मी एफ धरला आणि वरून खाली एकेक तार वाजवली. सहा. परत वाजवली. सहाच्या सहा.

सत्तावीस वर्षं मी माझ्या बोटाला दोष दिला होता. लेक म्हणाली, "आता बी मायनर." पोरांना दम नसतो.

पुढचे तीन आठवडे बोटांचे गेले. आधी टोकं लाल, मग जांभळट, मग कातडी निघाली, मग घट्टे. पतसंस्थेत कीबोर्डवर डाव्या हाताची बोटं खडखड वाजायला लागली. आप्पांनी माझं बोट दाबून बघितलं आणि पहिल्यांदाच समाधानानं म्हणाले, "आता कामाचा हात दिसतोय."

जून उजाडला आणि आमच्याकडचा पाऊस सुरू झाला. खानापुरात जुलैत वाळत घातलेले कपडे चार दिवस दमट राहतात, भिंती घामेजतात. तीनशे रुपयांचं आर्द्रतेचं यंत्र आणलं, ते अठ्ठ्याऐंशी टक्के दाखवायला लागलं. गिटारीला पंचेचाळीस ते पंचावन्न मानवते. एका सकाळी एफ पुन्हा कण्हायला लागला. आप्पांनी घोडीमागं पट्टी आडवी धरून दाखवली. पाटीला पोट आलं होतं. "पावसाळ्यात दारं अडकतात ना, तेच हे. लाकूड आडवं फुगतं, उभं न्हाई." पुस्तकात जे दोन पानं लिहिलेलं असतं ते एवढंच आहे. आता गिटार भिंतीवर नसते. बंद पेटीत असते, आत सिलिकाच्या निळ्या दाण्यांच्या पुड्या. दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद भाजून परत निळे करायचे, हे काम आईनं स्वतःकडं घेतलंय. पेटीत साठ टक्क्यांच्या आसपास राहतं. पोट बसलं, एफ परतला.

आषाढीला देवळात भजन होतं. काका म्हणाले, घेऊन ये. त्यांची पट्टी काळी दोन. मी पहिल्या पट्टीवर कॅपो लावला आणि डीचा आकार धरला, म्हणजे सूर तोच. तरी जमेना. काकांची पेटी जुनी, ती ट्यूनरच्या हिशेबानं थोडी चढी आहे. मी म्हणालो, काका, पेटी चढलीय. काका म्हणाले, "पेटी माझ्या वडिलांच्या वेळची हाय. तुझं वाद्य उतरलंय, चढव." चढवलं. अभंग सुरू झाला, मी उत्साहानं कॉर्ड बदलायला लागलो, आणि दुसऱ्याच कडव्याला काकांनी पेटीवरचा हात न काढता मान हलवली. "सगळं एकदम वाजवू नको रे, अंगावर येतं. सा आणि प तेवढा धर." मग मी फक्त दोन मोकळ्या तारा छेडत बसलो, तंबोऱ्यासारखा. शेजारी आप्पांचे टाळ. खरं सांगतो, छान लागलं. भजन संपल्यावर काकांनी पाठीवर थाप मारली.

"वाद्य गोड हाय. पण जुनी का आणली न्हाईस? तिला जवारी होती."

परवा पहाटे आंघोळीला गेलो तर बादलीत एक लाकडाची पट्टी बुडवून ठेवलेली. हातभर लांब, चार बोटं रुंद, दोन-अडीच मिलिमीटर जाड. माळ्यावर मोडक्या शिसवी पलंगाची एक फळी पडून होती, तिची. पाण्याला जांभळी झाक आली होती. मी आप्पांना हाक मारली.

"बादली रिकामी करू नको," ते अंथरुणातूनच म्हणाले. "त्या गिटारीच्या बाजू वाकवल्या कशा ते बघायचंय. लोखंडी पाइप तापवून वाकवत असतील, न्हाई?"

"होय की."

"मग संध्याकाळी येताना अडीच इंची पाइपाचा तुकडा घेऊन ये. आणि आज विहिरीवर आंघोळ कर."